सातव्या अनुसूचीत कुहीचा धरणग्रस्त कुठे आहे?

नागपूरच्या आग्नेयेस कुही तालुका आहे. त्याच्या पूर्व सीमेवर आंभोरा येथे वैनगंगेला कन्हान, आम, कोलारी आणि मुरझा या नद्या येऊन मिळतात. चैतन्येश्वराच्या टेकडीवरून हा संगम दिसतो. आद्यकवी मुकुंदराजांचे नाव विदर्भातील परंपरा याच परिसराशी जोडते (अंबाजोगाईचा दावा अर्थातच वेगळा आहे). संगमापाशी आज जे विस्तीर्ण पाणी दिसते, ते बव्हंशी गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याचे आहे. धरण खाली, भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात आणि त्याचे पाणी वर, कुहीच्या शेतांत आणि गावठाणांत, अशी ही रचना आहे.

या पाण्याखाली ज्याचे घर गेले त्याने आपला हक्क कोणत्या सरकारकडे मागायचा? आणि जो हक्क तो मागतो, तो राज्यघटनेत लिहिलेला आहे काय? हे दोन प्रश्न वरकरणी वेगळे वाटतात. पहिला केंद्र आणि राज्य यांच्या अधिकारवाटपाचा, दुसरा अलिखित हक्कांचा. कुहीत मात्र ते एकाच माणसाच्या दारात उभे राहिले. त्यांचा इतिहास उलगडणारा हा दीर्घ धागा.

प्रथम याद्यांविषयी. घटनेच्या सातव्या अनुसूचीत सत्तेच्या तीन सूची आहेत. मूळ घटनेत संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ नोंदी होत्या. टपालापासून स्मशानापर्यंत राज्यकारभाराचा बहुतेक प्रत्येक विषय कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला घातलेला आहे. एवढे करूनही जे उरेल, ते अनुच्छेद २४८ अन्वये संसदेकडे जाते. यालाच शेषाधिकार म्हणतात. नागरिकांच्या हक्कांचीही एक यादी आहे, ती तिसऱ्या भागात. तिच्या अखेरीस मात्र अशी कोणतीही शेषाची नोंद नाही. यादीत न लिहिलेले हक्क कोणाकडे उरतात, याविषयी घटना मौन बाळगते.

अमेरिकेत १७९१ साली हे मौन जाणीवपूर्वक मोडले गेले. हक्क लिहून काढण्यास तेथे विरोध होता आणि त्यामागचे कारण विचार करण्याजोगे होते. दहा हक्क लिहिले की अकरावा नाहीच, असे उद्या कोणी म्हणेल, ही ती भीती होती. जेम्स मॅडिसनने त्यावर उपाय काढला, तो नवव्या दुरुस्तीचा. काही हक्कांची गणना केली म्हणून लोकांकडे असलेले इतर हक्क नाकारले किंवा कमी लेखले जाऊ नयेत, हा तिचा आशय. दहाव्या दुरुस्तीने सत्तेच्या शेषाचीही व्यवस्था लावली. संघाला न दिलेली आणि राज्यांना न नाकारलेली सत्ता राज्यांकडे किंवा लोकांकडे राहील, असे ती सांगते. शेषाचे दोन्ही वाटे अशा रीतीने तेथे लेखी झाले. नववी दुरुस्ती पुढे पावणेदोनशे वर्षे जवळजवळ निद्रिस्त राहिली आणि १९६५ च्या ग्रिसवोल्ड खटल्यात न्या. गोल्डबर्ग यांनी खाजगी जीवनाच्या हक्कासाठी तिचा आधार घेतला, हेही येथे नोंदवले पाहिजे. केवळ लिहून ठेवल्याने कलम जागे राहत नाही.

भारतात सत्तेच्या याद्यांवरून पहिला मोठा वाद उभा राहिला तो नागपुरातूनच. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि कुही उमरेड तहसिलीत मोडत असे. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली, विषयांच्या तीन सूची घालून दिल्या आणि त्यांवरील वाद सोडवण्यासाठी दिल्लीत संघ न्यायालय स्थापन केले. १९३८ साली मध्य प्रांताच्या विधिमंडळाने पेट्रोल आणि वंगणतेलाच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला. केंद्र सरकारने आक्षेप घेतला. भारतात उत्पादित मालावरील उत्पादन शुल्क हा संघाचा विषय असून विक्रीच्या वेळी घेतलेला हा कर म्हणजे वेष बदललेले उत्पादन शुल्कच होय, असे केंद्राचे म्हणणे होते. प्रांताने आपल्या सूचीतील मालविक्रीवरील कराच्या नोंदीकडे बोट दाखवले.

गव्हर्नर जनरलने प्रश्न संघ न्यायालयाकडे मत देण्यासाठी पाठवला. पीठावर तीन न्यायाधीश होते: सर मॉरिस ग्वायर, शाह मुहम्मद सुलेमान आणि मुंबईचे मुकुंदराव जयकर. २ डिसेंबर १९३८ रोजी तिघांनी स्वतंत्र मते लिहिली आणि तिघांनीही प्रांताच्या बाजूने कौल दिला. दोन नोंदी एकमेकींवर चढत असतील तर त्या एकत्र वाचाव्यात, आणि उत्पादन शुल्काच्या व्यापक शब्दाने विक्रीकराचा विशिष्ट शब्द गिळून टाकू नये, हा त्यातला गाभा. अधिकारवाटपाच्या भारतीय न्यायशास्त्राचा आरंभ या मताने झाला. पुढे विक्रीकर हा राज्यांच्या तिजोरीचा कणा झाला, त्याचेही मूळ येथेच सापडते.

या प्रकरणातील वेगाकडे लक्ष दिले पाहिजे. १९३८ चा कायदा आणि १९३८ चाच निर्णय. दोन सरकारांमध्ये सीमेचा वाद झाला की त्यांच्यासाठी दार उघडे असते, न्यायपीठ सज्ज असते आणि प्रश्न कोणत्या नोंदीखाली मांडायचा हे दोघांनाही ठाऊक असते. नागरिकासाठी त्या कायद्यात मूलभूत हक्कांचे प्रकरणच नव्हते. एक कलम मात्र होते, २९९ वे. कायद्याच्या आधाराखेरीज कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे ते सांगत असे. आणि सार्वजनिक कामासाठी जमीन घ्यायची तर मोबदल्याची तरतूद हवी, असेही त्याच्या पुढच्या पोटकलमात होते. हे कलम लक्षात ठेवावे. चाळीस वर्षांनी त्याचे अर्धे वाक्य घटनेत परत येणार आहे.

संविधान सभेत शेषाधिकाराची कथा एका वळणाने बदलली. जवाहरलाल नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी मांडलेल्या आणि २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झालेल्या उद्दिष्टांच्या ठरावात शेषाधिकार स्वायत्त घटकांकडे, म्हणजे प्रांतांकडे, राहतील असे म्हटले होते. मुस्लिम लीगला सामावून घेणारा सैल संघ तेव्हा डोळ्यांसमोर होता. ३ जूनची फाळणीची योजना आली आणि ते गणित संपले. काही आठवड्यांतच संघाधिकार समितीने बलवान केंद्राची शिफारस केली आणि शेषाधिकार दिल्लीकडे गेले. त्याच ठरावात दुसरेही एक विधान होते: स्वतंत्र भारताची सर्व सत्ता लोकांपासून निर्माण होते. सत्तेचा शेष प्रांतांकडून केंद्राकडे सरकला तेव्हा त्यावर चर्चा झाली, अहवाल लिहिले गेले. लोकांकडे काय शेष उरते, यावर तशी समिती बसली नाही.

फाळणीने अनुसूचीत आणखी एक खूण सोडली आणि कुहीच्या दृष्टीने ती सर्वांत बोलकी आहे. समवर्ती सूचीतील २७ वी नोंद साहाय्य आणि पुनर्वसनाविषयी आहे. पुनर्वसन हा शब्द तीनही सूचींत येथेच सापडतो. पण नोंद पूर्ण वाचली की अपेक्षाभंग होतो. भारत आणि पाकिस्तान ही अधिराज्ये स्थापन झाल्यामुळे ज्यांना मूळ निवासस्थान सोडावे लागले, त्यांचेच साहाय्य आणि पुनर्वसन तेथे अभिप्रेत आहे. निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या असताना लिहिलेली ती नोंद आहे, आणि त्या क्षणाला ती योग्यच होती. धरणामुळे, खाणीमुळे, कारखान्यामुळे ज्याला आपल्याच देशात, आपल्याच सरकारच्या आदेशाने उठावे लागले, तो माणूस या वाक्यात बसत नाही.

हा माणूस तेव्हा अज्ञात होता असेही म्हणता येत नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध केलेला सत्याग्रह संविधान सभेच्या पंचवीस वर्षे आधीचा. तरीही अनुसूचीत ‘भूसंपादन’ लिहिले गेले, ‘पाणी’ लिहिले गेले, ‘जलसंचय’ लिहिले गेले. विस्थापित लिहिला गेला नाही.

१९५६ ची सातवी घटनादुरुस्ती सर्वांना आठवते ती राज्य पुनर्रचनेसाठी. तिच्यामुळे १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर आणि त्याच्याबरोबर कुही मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आली. त्याच दुरुस्तीत आणखी एक बदल होता, ज्याकडे फारसे लक्ष जात नाही. तोवर मालमत्ता संपादनाचा विषय तीन ठिकाणी विखुरलेला होता: संघाच्या कामासाठी संघसूचीत, राज्याच्या कामासाठी राज्यसूचीत आणि मोबदल्याची तत्त्वे समवर्ती सूचीत. दुरुस्तीने हे तुकडे पुसून समवर्ती सूचीच्या ४२ व्या नोंदीत एकच विषय ठेवला: मालमत्तेचे संपादन आणि अधिग्रहण. मोबदल्याच्या तत्त्वांचा स्वतंत्र उल्लेख त्यात उरला नाही. ज्या दुरुस्तीने कुहीचे राज्य बदलले, तिनेच कुहीची जमीन घेण्याचा अधिकार दोन्ही सरकारांच्या हाती दिला.

पाण्याचे असे नाही. पाणी, सिंचन, कालवे आणि जलसंचय हे राज्यसूचीच्या १७ व्या नोंदीत आहेत. आंतरराज्य नद्यांचे नियमन संसद ठरवील त्या मर्यादेत संघसूचीच्या ५६ व्या नोंदीखाली येते. वैनगंगा मध्य प्रदेशातून येते, म्हणून गोदावरी खोऱ्याच्या पाण्याचा वाद राज्याराज्यांत झाला आणि तो लवादाकडे गेला. १९६९ साली नेमलेल्या गोदावरी जलविवाद लवादाने १९८० मध्ये अंतिम निवाडा दिला. पुन्हा तेच: सरकारांच्या वाट्यासाठी लवाद. ज्यांच्या शेतात ते पाणी साठणार होते, ते त्या वादात पक्षकार नव्हते.

२२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी झाली. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा आणि सिंचनाचे उद्दिष्ट सुमारे अडीच लाख हेक्टरांचे. पूर्व विदर्भाच्या कोरडवाहू शेतीसाठी ही मागणी खरी होती. सिंचनाचा अनुशेष हा काही भाषणातला अलंकार नव्हता. वाद धरण असावे की नसावे, एवढ्यापुरता मांडला की धरणग्रस्ताचा प्रश्न मागे पडतो, आणि बहुधा तसेच होते.

पायाभरणीच्या दिवशी पुनर्वसनाचा कायदा कोणत्या स्थितीत होता? महाराष्ट्राने या बाबतीत इतर राज्यांच्या आधी पाऊल टाकले होते, हे श्रेय दिलेच पाहिजे. कोयनेपासूनच्या धरणग्रस्तांची चळवळ आणि ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही तिची घोषणा यांच्या रेट्याने १९७६ साली प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसाहतीचा अधिनियम झाला. त्याची जागा घेणारा सुधारित कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रकल्पग्रस्त व्यक्तींचे पुनर्वसन अधिनियम, १९८६. नावात वर्ष १९८६ चे आहे. अधिनियमाचा क्रमांक मात्र १९८९ चा, बत्तिसावा. विषय समवर्ती सूचीत शिरणारा, केंद्राचा १८९४ चा भूसंपादन कायदा आधीपासून लागू असलेला, म्हणून असे विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीला पाठवावे लागते. पायाभरणीचा दगड या दोन वर्षांच्या मध्ये बसला. धरणाला आरंभ करायला कोणत्याही सूचीची वाट पाहावी लागली नाही. हाही कायदा पुढे मागे पडला आणि १९९९ चा अधिनियम आला. त्याचा क्रमांक २००१ चा आहे.

आता हक्कांच्या यादीकडे वळावे. १९५० साली घर आणि जमीन हे लिहिलेले हक्क होते. अनुच्छेद १९(१)(च) मालमत्ता बाळगण्याचा हक्क देत होता आणि अनुच्छेद ३१ मोबदल्याचा. जमीनदारी नष्ट करण्याच्या मार्गात हेच अनुच्छेद आडवे आले, त्यामुळे पहिल्या दुरुस्तीपासून त्यांना कात्री लागत गेली आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ते काढूनच टाकले. २० जून १९७९ पासून उरला तो अनुच्छेद ३००-अ: कायद्याच्या आधाराखेरीज कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. हेच ते १९३५ च्या २९९ व्या कलमातले वाक्य. मोबदल्याचे पोटकलम मात्र परत आले नाही. मोठ्या जमीनदाराला आवरण्यासाठी उपसलेले हत्यार दोन एकरांच्या खातेदारावरही चालले, ही त्या दुरुस्तीची सर्वांत कमी चर्चिलेली बाजू आहे.

आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचे काय? शेतमजूर, बटाईने कसणारा, वैनगंगेत जाळे टाकणारा आणि उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगरवाडी लावणारा ढिवर, यांच्यापाशी मालमत्ता नव्हतीच. त्यांच्यापाशी उपजीविका होती. उपजीविकेचा हक्क घटनेच्या तिसऱ्या भागात कुठेही लिहिलेला नाही.

तो न्यायालयाने वाचून काढला, आणि त्यामागे एक मोठी उलथापालथ आहे. १९५० च्या गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जीविताचा हक्क अतिशय अरुंद अर्थाने घेतला होता. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, जबलपूर खटल्यात तो अरुंद अर्थही निलंबित झाला. स्थानबद्धांची दाद ऐकता येते असे म्हणणारे अनेक उच्च न्यायालयांचे निर्णय त्या दिवशी फिरवले गेले. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचाही निर्णय होता. पाच न्यायाधीशांपैकी एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात राहिले. जीवित आणि स्वातंत्र्य ही घटनेने दिलेली देणगी नव्हे. अनुच्छेद २१ नसता तरीही कायद्यावाचून कोणाचा जीव घेण्याचा अधिकार शासनाला नव्हता, असे त्यांनी मांडले. मॅडिसनच्या नवव्या दुरुस्तीचा आशय भारतीय न्यायशास्त्रात प्रथम इतक्या ठळकपणे आला तो या अल्पमतातून. बहुमताने त्याला नाकारले आणि २०१७ साली खाजगीपणाच्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूरचा निर्णय पुसून टाकला.

या इतिहासात एका मराठी कुटुंबाचे नाव तीनदा येते. जबलपूरच्या बहुमतात न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड होते. सरन्यायाधीश म्हणून त्यांनीच १० जुलै १९८५ रोजी मुंबईच्या पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाचा निकाल लिहिला आणि उपजीविका ही जीविताच्या हक्कातच अंतर्भूत आहे असे जाहीर केले. पुट्टस्वामी प्रकरणात जबलपूरवर काट मारणारे मुख्य मत त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचे.

ओल्गा टेलिसचा निकाल गौरवाने सांगितला जातो, तेव्हा त्याचा शेवट बहुधा गाळला जातो. हक्क मान्य झाला आणि झोपड्या हटवण्याचा महापालिकेचा अधिकारही मान्य झाला. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणाला हटवू नये आणि १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, असा दिलासा मिळाला. ज्याचे नाव गणनेत नव्हते, त्याच्यासाठी उपजीविकेचा हक्क नोटिशीपुरता उरला. अलिखित हक्काची ही खरी अडचण आहे. न्यायालय तो घोषित करू शकते. पण तो पुरवण्याचे काम कोणत्या सरकारच्या कोणत्या खात्याचे, कोणत्या निधीतून, किती दिवसांत, हे ठरवणारी नोंद कुठेच नसते.

गोसीखुर्दच्या पायाभरणीआधी तीन वर्षे उपजीविकेचा हक्क देशाच्या सर्वोच्च पीठाने मान्य केलेला होता, हे कुहीच्या संदर्भात विसरता येत नाही. टिहरी धरणाच्या २००३ मधील निकालात पुनर्वसन हाही जीविताच्या हक्काचाच भाग ठरला. तत्त्वाची कमतरता नव्हती. प्रत्यक्षात मात्र प्रकल्प राज्याचा, १९९७ पासून विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडे; २००८ च्या राष्ट्रीय प्रकल्पांच्या योजनेत आल्यावर खर्चाचा मोठा वाटा केंद्राचा; संपादन जिल्हाधिकारी कार्यालयाचे; पुनर्वसित गावठाणातील नागरी सुविधा आणखी एका यंत्रणेच्या. पुनर्वसनाच्या पूर्ततेसाठी शेवटी राज्याला २०१३ साली सुमारे १२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज द्यावे लागले, म्हणजे पायाभरणीनंतर पंचवीस वर्षांनी. ते हक्क म्हणून आले नाही, ‘पॅकेज’ म्हणून आले. हक्काची अंमलबजावणी मागता येते. पॅकेज हे सरकारच्या मर्जीचे असते.

पाण्याच्या शुद्धतेचीही हीच गत. नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी कुहीच्या दिशेने वाहते, कन्हानला मिळते आणि कन्हान गोसीखुर्दच्या फुगवट्याला. पाणी राज्यसूचीतले असल्याने प्रदूषणावर संसद स्वतःहून कायदा करू शकत नव्हती. अनुच्छेद २५२ खाली काही राज्यांनी ठराव करून दिले तेव्हा १९७४ चा जलप्रदूषण कायदा झाला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६९ चा होता आणि केंद्राचा कायदा त्याने १९८१ मध्ये स्वीकारला. प्रदूषणमुक्त पाणी हा जीविताच्या हक्काचा भाग, असे सर्वोच्च न्यायालय १९९१ मध्ये म्हणाले. कायदे आहेत, हक्क आहे आणि नाग नदी अजूनही तशीच वाहते.

तुलनेसाठी अनुच्छेद ३७१(२) पाहावा. विदर्भाच्या अनुशेषासाठी वैधानिक विकास मंडळ आणि निधीच्या न्याय्य वाटपाची राज्यपालांवर विशेष जबाबदारी, अशी तरतूद तेथे आहे. मंडळे १९९४ साली स्थापनही झाली. म्हणजे विदर्भ या प्रदेशाला घटनेत स्थान आहे. त्या प्रदेशाचा अनुशेष भरून काढण्यासाठी ज्याने गाव सोडले, त्या विदर्भीय माणसाला नाही.

नवव्या दुरुस्तीसारखे कलम भारताच्याही घटनेत घालावे, असा उपाय काही अभ्यासक सुचवतात. तो फारसा उपयोगी पडेल असे दिसत नाही. अनुच्छेद २१ च्या विस्ताराने न्यायालयांनी ते काम आधीच केले आहे, आणि आणखी एक व्यापक वाक्य वाढले तरी कुहीत भूखंड कोणी आखून द्यायचा हे ते सांगणार नाही. दुरुस्तीची खरी जागा सातवी अनुसूची आहे. समवर्ती सूचीच्या २७ व्या नोंदीतून फाळणीशी बांधणारे शब्द काढून कोणत्याही सार्वजनिक कामामुळे विस्थापित होणाऱ्यांचे पुनर्वसन हा विषय तेथे लिहिला गेला पाहिजे.

यावर आक्षेप येईल की सूचीतील नोंद अधिकार देते, कर्तव्य लादत नाही. आणि पुनर्वसनाचे कायदे ४२ व्या नोंदीच्या आधाराने झालेच आहेत. आक्षेप बरोबर आहे, पण त्यातच मूळ दोष उघड होतो. संपादनाच्या नोंदीखाली येणारे पुनर्वसन हे संपादनाचे शेपूट बनते. संपादनात ज्याचे काही घेतले गेले नाही, तो भूमिहीन त्यातून निसटतो. स्वतंत्र विषय झाला की स्वतंत्र खाते, स्वतंत्र अंदाजपत्रक आणि विधिमंडळात त्याविषयी उत्तर देणारा मंत्री यांची मागणी तरी ठामपणे करता येते. १९३८ चे पेट्रोलचे प्रकरण एवढे वेगाने सुटले, कारण वादातल्या दोन्ही बाजूंपाशी बोट ठेवायला नोंद होती.

न्यायालयेही हळूहळू नोंदी लिहू लागली आहेत. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात न्या. नरसिंह आणि न्या. अरविंद कुमार यांच्या पीठाने अनुच्छेद ३००-अ च्या त्या एका ओळीतून सात हक्क उलगडून दाखवले: नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, रास्त मोबदला, कार्यक्षम कार्यवाही आणि प्रक्रियेची पूर्तता. ४४ व्या दुरुस्तीने जे गाळले होते, त्यातले बरेच या यादीत परतले. हेही अखेर मालमत्तेविषयीच आहे. ढिवराला त्यातून थेट काही मिळत नाही.

त्याला काही मिळते ते २०१३ च्या भूसंपादन कायद्यातून. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेला हा कायदा, संपादित जमिनीवर ज्यांची उपजीविका अवलंबून आहे अशांनाही बाधित कुटुंब मानतो. सिंचन प्रकल्पात जमीन बुडण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण झाले पाहिजे, असे त्याचे ३८ वे कलम सांगते. गोसीखुर्दचे संपादन मुख्यतः १८९४ च्या कायद्याखालचे, त्यामुळे कुहीच्या बहुतेक धरणग्रस्तांना या तरतुदीचा लाभ झाला नाही. याच कायद्याचे १०७ वे कलम मात्र राज्यांना अधिक लाभ देणारा कायदा करण्याची मोकळीक देते. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते. १८९४ च्या कायद्याखाली उठवल्या गेलेल्यांना, सातबारा असलेल्यांना आणि नसलेल्यांनाही, पुनर्वसनाचा वैधानिक हक्क देणारे विधेयक त्या अधिवेशनात मांडता येईल. त्यासाठी संसदेची वाट पाहण्याची गरज नाही. राष्ट्रपतींची संमती लागली तर ती मागण्याचा मार्ग महाराष्ट्राला १९८६ पासून ठाऊक आहे.